साथीचे रोग आणि तातडीची वैद्यकीय सेवा : आपली सिद्धता

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संमेलनाच्या व्याख्यानासाठी मंडळाने मला पाचारण केले आणि विषयाची निवडही माझ्यावरच सोपविली, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. अशा प्रसंगी विद्यार्थ्यांचे शिक्षण, विवाहातील खर्च किंवा ज्ञातीचा पूर्वेतिहास या विषयांवर बोलण्याचा प्रघात आहे, व तो योग्यच आहे. परंतु यंदा आपल्या संस्थेपुढे रुग्णवाहिका खरेदी करण्याची सूचना आलेली आहे. सूचना सद्भावनेने केलेली आहे आणि तिच्यासाठी निधी देण्यास पुष्कळ कुटुंबे उत्सुक आहेत, हेही मी जाणतो. तेव्हा पैसा खर्च होण्यापूर्वी एका प्रश्नाचा विचार आपण सर्वांनी मिळून करावा असे मला वाटले. मोठी साथ येते तेव्हा तातडीची वैद्यकीय सेवा नेमकी कोठे कमी पडते? आणि ती कमी पडू नये म्हणून सरकारने, समाजाने व आपण घरोघरच्या माणसांनी कोणती सिद्धता ठेवावयास हवी?

रुग्णवाहिका म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे टपावर दिवा असलेली पांढरी गाडी उभी राहते. परंतु गाडी हा या सेवेचा केवळ एक भाग होय. दूरध्वनी उचलणारा माणूस, चार प्रश्न विचारून कोणाकडे आधी गाडी धाडावी हे ठरविणारा जाणकार, रस्ते ठाऊक असलेला चालक, सोबतचा डॉक्टर किंवा परिचारक, प्राणवायूचे सिलिंडर आणि सरतेशेवटी रुग्णाला आत घेणारे रुग्णालयाचे दार, इतके सारे मणी एका दोऱ्यात ओवलेले असतात. दोरा कोठेही तुटला तरी सारे मणी ओघळतात. साथीच्या काळात तो बहुधा गाडीपाशी तुटत नाही, इतरत्रच तुटतो. हेच आज मला सांगावयाचे आहे.

आपल्या प्रांताला या विषयाचा पहिला कठोर धडा १८९६ साली मिळाला. त्या वर्षीच्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले. पाहता पाहता रोग शहरभर पसरला आणि लोक मुंबई सोडून गावोगाव पळू लागले. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथरोगांचा कायदा केला. रोगी हुडकून काढावा, त्याला घरातून उचलून रुग्णालयात न्यावे, घरातील माणसांना वेगळे ठेवावे आणि घर धुऊन काढावे, अशी तजवीज होती. वैद्यकीय दृष्टीने तिच्यात तथ्य होते. परंतु रोग्याला न्यावयास माणसे दाराशी आली म्हणजे घरात आकांत होई. नेलेला माणूस परत येईल याचा भरवसा कोणासच नव्हता. म्हणून लोक रोगी लपवीत. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. हेच रुग्णालय पुढे कस्तुरबा रुग्णालय म्हणून प्रसिद्धीस आले आणि २०२० साली मुंबईतील करोनाचे सुरुवातीचे रुग्ण तेथेच ठेवण्यात आले. पुण्यात रँडसाहेबाच्या अमलाखाली शिपायांनी घरोघर झडत्या घेतल्या, आणि २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी त्याचा सूड कसा घेतला, हा इतिहास आपल्या मुलाबाळांनाही ठाऊक आहे.

या इतिहासाचे राजकीय अंग पुष्कळांनी सांगितले आहे. त्याचे वैद्यकीय अंग मात्र आपण विसरतो. रोग्याला नेणाऱ्यावर लोकांचा विश्वास नसेल, तर नेण्याची व्यवस्था कितीही जय्यत असो, ती निरुपयोगी ठरते. त्या वेळच्या लोकांनी यावर आपापल्या परीने उपाय शोधला. मुंबईत निरनिराळ्या जातिजमातींनी स्वतःची प्लेगची रुग्णालये उघडली. पुण्यात लोकमान्य टिळकांनी हिंदूंसाठी प्लेगचे रुग्णालय काढले. आपल्या ओळखीचा माणूस पाणी देईल, आपल्या रीतीभातींचा मान राखील, या भरवशावर जे लोक सरकारी रुग्णालयाच्या नावाने थरथर कापत, ते या रुग्णालयांत येऊ लागले. ज्ञातिसंस्थांनी साथीच्या काळात केलेले हे काम लहान नव्हते, आणि त्याचा अभिमान बाळगण्यास हरकत नाही.

त्याच साथीत, त्याच पुणे परिसरात, आणखी एक काम चालले होते. सावित्रीबाई फुले यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरनजीक प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना चालविला होता. मुंढव्याच्या वस्तीतील एक मुलगा प्लेगने आजारी असल्याचे कळताच सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले, असे त्यांच्या चरित्रकारांनी नमूद केले आहे. त्यांना स्वतःला त्याच रोगाने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. त्या काळी तेथे रुग्णवाहिका नव्हती. त्या माउलीची पाठ हीच रुग्णवाहिका झाली. या घटनेपुढे आपण नतमस्तक होतो, ते उचितच आहे. परंतु तिच्यातून एक व्यावहारिक बोधही घ्यावयास हवा. रोग्याला वाहून नेणारा मनुष्य अरक्षित असेल, तर पुढचा रोगी तोच होय. वाहकाचे रक्षण ही दया नव्हे. तो सेवेचा पाया आहे.

दुसरा धडा १९१८ सालचा. आपल्या आजीपणजींच्या तोंडी ‘मानमोडी’ या नावाने राहिलेली इन्फ्लुएंझाची साथ त्या वर्षी आली. १० जून १९१८ रोजी मुंबईत पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले. त्यांतला एक गोदीवर पहाऱ्यास होता. पावसाळा संपता संपता दुसरी, अधिक भयंकर लाट आली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ मृत्यूंची नोंद झाली. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता आणि धान्य महागले होते. हिंदुस्थानात या साथीने एक कोटीहून पुष्कळ अधिक माणसे नेली, असे अभ्यासकांचे अनुमान आहे. प्लेग गल्लीबोळांतून हळूहळू सरकत असे. ही साथ आठवड्यांत सारा मुलूख व्यापून गेली. प्लेगने विश्वासाचे मोल शिकविले असेल, तर मानमोडीने वेगाचे. साथ दाराशी आल्यावर व्यवस्था उभारू म्हणणाऱ्याला ती वेळच देत नाही.

आता आपण आजच्या व्यवस्थेकडे वळू. १०८ क्रमांकाची तातडीची सेवा १५ ऑगस्ट २००५ रोजी हैदराबाद येथे सुरू झाली आणि नंतर एकामागून एक राज्यांनी ती स्वीकारली. महाराष्ट्रात ती २०१४ साली ९३७ रुग्णवाहिकांसह उभी राहिली. त्यांपैकी २३३ गाड्यांत हृदयविकार किंवा श्वास बंद पडणे अशा प्रसंगी लागणारी प्रगत साधने होती व ७०४ गाड्या प्राथमिक उपचारांच्या होत्या. गाडीसोबत डॉक्टर असणे हे आपल्या राज्यातील सेवेचे वैशिष्ट्य होय. रस्त्यावरील अपघातात सापडलेला वाटसरू, आडगावची अडलेली बाळंतीण, सर्पदंश झालेला शेतकरी, यांच्यासाठी या सेवेने जे केले त्याची किंमत पैशांत होणार नाही. ज्यांनी डोंगराळ मुलखात आजाऱ्याला बांबूच्या झोळीतून चार-चार कोस नेताना पाहिले आहे, त्यांना तरी हे वेगळे सांगावयास नको.

परंतु हिशेब करून पाहावा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २३ लाखांहून अधिक होती. तिला ९३७ ने भागले असता सुमारे १ लाख २० हजार माणसांमागे एक गाडी पडते. नित्याच्या दिवशी हे गणित बसते, कारण नित्याच्या दिवशी अपघात, बाळंतपणे आणि झटके सगळीकडे एकाच वेळी येत नाहीत. साथीचा स्वभावच असा की ती सर्वांना एकाच वेळी हाक मारावयास लावते. न्यूयॉर्कसारख्या धनाढ्य शहरात तातडीच्या सेवेला एरव्ही दिवसाला सुमारे ४,००० हाका येत. मार्च २०२० च्या अखेरीस त्या ६,००० च्या वर गेल्या. जेथे पैसा, यंत्रे आणि प्रशिक्षित माणसे यांचा तुटवडा नव्हता, तेथेही माणसे दूरध्वनी कानाशी धरून खोळंबली.

हाका वाढल्या एवढेच असते तर गाड्या वाढवून भागले असते. साथीत आणखी एक गोष्ट घडते व ती बाहेरून दिसत नाही. प्रत्येक फेरीला लागणारा वेळ वाढतो. हिशेबापुरते असे धरू की एरव्ही एका फेरीस दीड तास लागतो. म्हणजे बारा तासांत एक गाडी आठ रुग्ण पोहोचविते. साथीत चालकाला व डॉक्टरला अंगभर संरक्षक पोशाख चढवावा लागतो. रुग्णालयाच्या दाराशी खाट रिकामी होईपर्यंत थांबावे लागते. रुग्ण उतरविल्यावर गाडी आतून निर्जंतुक करून वाळवावी लागते. दीड तासांचे चार तास झाले, तर त्याच बारा तासांत आठाऐवजी तीनच रुग्ण पोहोचतात. दहा गाड्या असलेल्या गावात ८० फेऱ्यांच्या जागी ३० उरतात. गाडी एकही मोडलेली नाही, चालक एकही पळालेला नाही, तरी निम्म्याहून अधिक सेवा नाहीशी झालेली असते. त्यात चालक व परिचारक स्वतः आजारी पडू लागले म्हणजे उरलेली सेवाही झरझर आटते.

प्राणवायूचाही असाच हिशेब आहे. गाडीत सामान्यतः जे लहान सिलिंडर ठेवतात, त्यात सुमारे १,५०० लिटर वायू मावतो. रुग्णाला मिनिटाला १० लिटर द्यावा लागला तर तो अडीच तास पुरतो. १५ लिटर लागला तर एक तास चाळीस मिनिटे. जिल्ह्याच्या ठिकाणापासून दूर असलेल्या गावाहून निघालेली गाडी रुग्णालयाच्या दारी पोहोचली आणि तेथे ‘जागा नाही, दुसरीकडे जा’ हे उत्तर मिळाले, तर त्या रुग्णाच्या आयुष्याची दोरी त्या सिलिंडरच्या काट्यावर लोंबकळू लागते. तेव्हा रुग्णाला कोणत्या रुग्णालयात न्यावयाचे हे गाडी निघण्यापूर्वी निश्चित असणे, ही सोयीची बाब नसून प्राणरक्षणाची बाब आहे.

साथीचे तिसरे दुष्परिणाम तर साथीचा रोग ज्यांना झालेलाच नाही अशांना भोगावे लागतात. इटलीतील लोम्बार्दी प्रांताच्या चार जिल्ह्यांत २१ फेब्रुवारी ते ३१ मार्च २०२० या काळात घरी अथवा रस्त्यावर हृदय बंद पडण्याचे ३६२ प्रसंग नोंदले गेले. आदल्या वर्षी त्याच दिवसांत ते २२९ होते. म्हणजे वाढ ५८ टक्के. यातील पुष्कळांना करोना झाला होता किंवा झाल्याचा संशय होता, हे खरे. परंतु गाडी उशिरा पोहोचणे आणि रुग्णालयाच्या भीतीने लोकांनी उशिरा हाक मारणे, या गोष्टीही अशा काळात घात करतात. छातीत कळ आली असता ‘आता १०८ ला बोलाविले तर साथीच्या खोलीत नेऊन टाकतील’ या धास्तीने सकाळपर्यंत थांबलेली घरे आपल्याकडेही होती. १८९६ ची भीती १२४ वर्षांनी पुन्हा दाराआड उभी राहिली होती.

चौथी गोष्ट म्हणजे जेथे बरे व्हावयाचे तेच ठिकाण रोगाचे उगमस्थान होणे. २०१५ साली दक्षिण कोरियात मर्स नावाच्या श्वसनरोगाची साथ आली. १८६ जणांना लागण झाली व ३८ दगावले. त्यांपैकी ८२ जणांना सेऊल येथील एका मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात एकाच रुग्णापासून रोग लागला. रुग्ण, नातेवाईक, भेटीस आलेले सोयरे, सारे एकाच दालनात दाटीने बसलेले होते. आपल्याकडे रुग्णासोबत दहा माणसांनी जाण्याची जी रीत आहे, ती मायेपोटी आहे, हे मी जाणतो. पण साथीत ही माया घातक होते. त्या देशाने या अनुभवावरून तपासणीची व वेगळे ठेवण्याची व्यवस्था सुधारली आणि २०२० साली तिचा त्यास फार उपयोग झाला. संकटानंतर दोष सांगत न बसता जो व्यवस्था बदलतो, त्याचेच पुढचे संकट हलके होते.

आता आपल्याच घरचा अनुभव पाहू. ९ मार्च २०२० रोजी पुण्यात महाराष्ट्रातील करोनाचे पहिले रुग्ण सापडले. त्यानंतरच्या दोन वर्षांत आपण काय भोगले याची उजळणी मी करीत नाही. या सभागृहात असे घर क्वचितच असेल की ज्याचे कोणी गेले नाही. परंतु त्यातही कोठे काय साधले व कोठे काय फसले याचा शांतपणे विचार केला पाहिजे.

प्रथम जे साधले ते सांगतो. मुंबईत आरंभी खाटांची व गाड्यांची चौकशी एकाच मध्यवर्ती ठिकाणी होत असे आणि तेथे गर्दीचा लोंढा आवरेनासा झाला. जून २०२० पासून महानगरपालिकेने आपल्या २४ विभागांत प्रत्येकी एक नियंत्रण कक्ष उघडला. त्या विभागातील रुग्णाचा तपासणी अहवाल कक्षाकडे यावयाचा, कक्षाने त्याच्या घरी दूरध्वनी करावयाचा, घरी ठेवावे की न्यावे हे डॉक्टरांनी ठरवावयाचे, आणि न्यावयाचे असल्यास खाट व गाडी कक्षानेच नेमून द्यावयाची, अशी ती व्यवस्था होती. साध्या मोटारगाड्याही रुग्ण नेण्यासाठी कामास लावण्यात आल्या, म्हणजे प्राणवायूची साधने असलेल्या गाड्या खऱ्या अत्यवस्थ रुग्णांसाठी मोकळ्या राहिल्या. या व्यवस्थेची खरी कसोटी एप्रिल २०२१ च्या मध्यास लागली. प्राणवायू संपत आल्यामुळे सहा रुग्णालयांतील १६८ रुग्णांना एका रात्रीत दुसरीकडे हलवावे लागले, आणि ते सुखरूप हलविले गेले. त्या रात्री ज्यांनी गाड्या हाकल्या व स्ट्रेचर उचलले, त्यांची नावे कोणत्याही स्तंभावर कोरलेली नाहीत. आपण मनोमन त्यांना वंदन करू.

आता जे फसले ते. रुग्ण नेण्यासाठी मनाला येईल ते भाडे मागितले जात असल्याच्या तक्रारी देशभरातून आल्या. अखेर ११ सप्टेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाला, राज्यांनी रुग्णवाहिकांचे वाजवी दर ठरवावेत, असा आदेश द्यावा लागला. सहा महिने लोटल्यावर हा आदेश निघावा, यातच पूर्वतयारीचा अभाव दिसतो. दर ठरविण्यास साथ यावी लागत नाही. आणि बीड जिल्ह्यात अंबाजोगाई येथे एप्रिल २०२१ मध्ये एकाच रुग्णवाहिकेतून २२ मृतदेह स्मशानाकडे नेण्यात आले, ही वार्ता वाचून महाराष्ट्राची मान खाली गेली. गाड्या पुरेशा नव्हत्या, असे कारण तेव्हा पुढे आले. मृताला सन्मानाने नेणे हाही तातडीच्या सेवेच्या सिद्धतेचाच भाग आहे, हे कोणत्या नियमावलीत लिहिलेले असो वा नसो, आपल्या संस्कृतीत ते लिहिलेले आहे.

तर मग सिद्धता म्हणजे काय? माझ्या अल्पमतीप्रमाणे सरकारकडून चार गोष्टींची अपेक्षा आपण धरावी आणि त्या हक्काने मागाव्यात. पहिली, गाड्यांपेक्षा माणसांचा राखीव साठा. पाच चालक आजारी पडले तर त्यांच्या जागी कोण येणार, ही यादी शांततेच्या काळात तयार असावी. दुसरी, रिकाम्या खाटांची एकच खरी नोंद, जी दूरध्वनी घेणाऱ्याच्या डोळ्यांपुढे सतत असावी. तिसरी, संरक्षक पोशाख, प्राणवायू व जंतुनाशके यांचा जिल्हावार साठा आणि त्याची दर वर्षी तपासणी. चौथी, वाहकांची कदर. २०२० साली केंद्र सरकारने साथीत काम करणाऱ्या आरोग्यसेवकांसाठी ५० लाख रुपयांचा विमा जाहीर केला आणि त्यांच्यावर हात उगारणाऱ्यांना कठोर शिक्षेची तरतूद कायद्यात केली. ही पावले स्तुत्य होती. परंतु जो चालक एरव्ही तुटपुंज्या वेतनावर, कंत्राटाच्या अनिश्चिततेत दिवस काढतो, त्याने साथीत प्राण पणास लावावेत अशी अपेक्षा करणे समाजाला शोभत नाही. सैनिकाची आठवण युद्धातच यावी, तसे हे झाले.

आता आपल्या संस्थेच्या सूचनेकडे वळतो. रुग्णवाहिका घेऊ नये असे माझे म्हणणे नाही. परंतु केवळ गाडी घेतली म्हणजे सेवा झाली असे मानू नये, एवढेच माझे विनवणे आहे. गाडीला रात्रंदिवस चालक हवेत, म्हणजे निदान तीन-चार पगारी माणसे. सिलिंडर भरणे, विमा, दुरुस्ती, जंतुनाशन हा खर्च वर्षानुवर्षे चालणारा आहे. देणगीदारांची नावे गाडीवर रंगविण्यास उत्साह असतो. तिसऱ्या वर्षी टायर बदलण्यास तो उरत नाही. अनेक ठिकाणी थाटामाटाने पूजा करून आणलेल्या गाड्या पुढे छपराखाली धूळ खात पडल्या आहेत. तेव्हा मंडळाने आधी चालू खर्चाचा निधी उभारावा, मगच गाडीचा विचार करावा.

त्याहून कमी खर्चात आणि अधिक उपयोगाची अशी कामे आपल्या हाती आहेत. आपल्या तरुण मुलामुलींपैकी निदान चाळीस जणांना हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती कशी दाबावी हे शिकवावे. मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे दोन इंच खोल, हा दाब गाडी येईपर्यंतच्या दहा मिनिटांत प्राण राखू शकतो. वाड्यांच्या व चाळींच्या अरुंद जिन्यांवरून आजाऱ्याला खुर्चीत बसवून सुखरूप कसे उतरवावे, हेही शिकवावे. तिसऱ्या मजल्यावरून खाली आणताना जो वेळ जातो तो कोणत्याही वेगवान गाडीला भरून काढता येत नाही. आपल्या पेठेत व आळीत एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी करावी आणि साथीच्या दिवसांत त्यांना रोज एक दूरध्वनी करण्याचे काम वाटून द्यावे. प्रत्येक घरात दाराजवळ एक कागद लावावा. त्यावर घरातील ज्येष्ठांची वये, चालू औषधे, जुने विकार आणि घराजवळची खूण लिहिलेली असावी. १०८ ला दूरध्वनी करणाऱ्याने रुग्ण बोलू शकतो काय, श्वास कसा चालला आहे, मजला कितवा, एवढे नीट सांगितले तरी पुढचे अर्धे काम सोपे होते. रक्तातील प्राणवायू मोजण्याचे बोटावरचे यंत्र घरोघरी आहे. श्वसनरोगाच्या साथीत एरव्ही निरोगी माणसाचा आकडा ९४ च्या खाली उतरू लागला तर डॉक्टरांना कळविण्यास रात्र झाली म्हणून थांबू नये.

आणि आपले हे सभागृह? लग्नकार्यांसाठी बांधलेल्या या वास्तूत हवा खेळती आहे, पाणी आहे, स्वयंपाकघर आहे, गाडी आतपर्यंत येईल असे प्रवेशद्वार आहे. गरज पडल्यास ते सौम्य रुग्णांसाठी किंवा बाहेरगावहून आलेल्या चालक-परिचारकांच्या मुक्कामासाठी आम्ही देऊ, असा ठराव करून तो आजच स्थानिक आरोग्य अधिकाऱ्यांकडे पाठवावा. साथ आल्यावर ठराव करण्यास सभा भरविता येत नाही. २०२० साली आपण कोणीच सभा भरवू शकलो नव्हतो.

शेवटी एक नाजूक मुद्दा. ही सेवा ज्ञातिबांधवांपुरती असावी की सर्वांसाठी, असा प्रश्न काही सभासदांनी विचारला आहे. पैसा ज्ञातीचा, तेव्हा पहिला हक्क ज्ञातीचा, असे म्हणणाऱ्यांचा हेतू वाईट नाही. १८९७ साली जातवार रुग्णालये निघाली, तेव्हा त्यांनी भ्यालेल्या माणसांना धीर देऊन दारापर्यंत आणले, हे मी आरंभीच सांगितले. परंतु आज आपण ज्या विश्वासाच्या बळावर काम करू शकतो, तो आपल्या माणसांना रुग्णालयाच्या दारापर्यंत आणण्यासाठी वापरावा. दुसऱ्याला दाराबाहेर ठेवण्यासाठी नव्हे. रोग भिंत ओलांडताना आडनाव विचारीत नाही. शेजारच्या वस्तीतील आजारी माणूस वेळेवर पोहोचला नाही, तर ती साथ आपल्याच आळीत परत येते, हा वैद्यकशास्त्राचा नियम आहे. आणि शास्त्र क्षणभर बाजूला ठेवले, तरी पाठीवर मूल घेऊन मुंढव्याहून निघालेल्या त्या वृद्ध स्त्रीने ते मूल कोणाचे आहे हे पाहिले नव्हते, एवढे स्मरण आपल्याला पुरे आहे.

तेव्हा माझी मंडळास नम्र सूचना अशी. रुग्णवाहिका निधी हे नाव बदलून त्यास तातडीची सेवा निधी असे नाव द्यावे. त्याचा विनियोग प्रथम प्रशिक्षणावर, मग सभागृहाच्या तयारीवर आणि चालू खर्चाची सोय झाल्यानंतर गाडीवर करावा. गाडी आलीच, तर ती १०८ च्या स्थानिक अधिकाऱ्यांशी संधान बांधून चालवावी आणि जो हाक मारील त्याच्याकडे ती जावी. पुढील साथ केव्हा येईल हे कोणास सांगता येणार नाही. ती येईल, एवढे मात्र इतिहास निश्चित सांगतो. त्या दिवशी आपल्या दूरध्वनीला उत्तर मिळावे, उत्तर देणाऱ्याजवळ गाडी असावी, गाडीत प्राणवायू असावा आणि रुग्णालयाचे दार उघडे असावे, एवढी व्यवस्था शांततेच्या काळात आपल्या हातून घडो.